डॅशबोर्डवर ४, लॉगमध्ये ९००: ऑनलाइन रेडिओचे श्रोते मोजताना होणारे घोळ

तक्रार नेहमीची आहे. स्टेशनचा डॅशबोर्ड कधीही उघडा, तीन-चार श्रोते दिसतात. सर्व्हरचा लॉग उघडला तर एका दिवसात ९०० ओळी. वेबसाइटच्या ॲनालिटिक्समध्ये तिसराच आकडा, आणि होस्टिंगच्या बिलावरून हिशेब केला तर चौथा. मग सगळ्यांत मोठा आकडा जाहिरातदाराला सांगितला जातो, आणि सगळ्यांत लहान आकड्यावरून कुणाचा तरी सकाळचा कार्यक्रम बंद होतो.

चारही आकडे आपापल्या जागी बहुधा बरोबर असतात, फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजत असतो. डॅशबोर्ड ‘या क्षणी किती जोडण्या उघड्या आहेत’ ते सांगतो. लॉग ‘आजवर किती जोडण्या बंद झाल्या’ ते सांगतो. ॲनालिटिक्सला फक्त पान उघडलेलं कळतं, पुढे प्ले दाबलं की नाही ते कळत नाही. ॲपवरून किंवा व्हीएलसीवरून ऐकणारा तर तिथे दिसतच नाही. पुढचं विवेचन आइसकास्ट २.४ (स्ट्रीम श्रोत्यांपर्यंत पोचवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर) धरून आहे. अझुराकास्टच्या (स्टेशन चालवायचं तयार पॅकेज) पोटातही आइसकास्टचीच एक आवृत्ती चालते, त्यामुळे तिथेही बरंचसं लागू पडेल.

आधी ९०० ओळींची चाळणी

ॲक्सेस लॉगमधली ओळ म्हणजे श्रोता नव्हे, सर्व्हरकडे आलेली एक विनंती. नेहमी आढळणारा प्रकार बघा. डॅशबोर्डची स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी स्टेटसचं पान मागते: दिवसाला २८८ ओळी. स्टेशन चालू आहे की नाही हे तपासणारी मॉनिटरिंग सेवा दर ५ मिनिटांनी येते: आणखी २८८. म्हणजे ९०० पैकी ५७६ ओळी आपण स्वतःच लिहवून घेतलेल्या! उरल्या ३२४.

त्यातल्या एक-दोन ओळी आणखी घातक असतात. स्टुडिओतून सर्व्हरकडे जाणारी सोर्सची जोडणीसुद्धा याच लॉगमध्ये नोंदली जाते. तिच्या ओळीत, श्रोत्याच्या ओळीत असतं त्या ‘गेट’ऐवजी ‘सोर्स’ किंवा ‘पुट’ असतं आणि कालावधी काही तासांचा, कधी दिवसांचा. ही ओळ काढायची राहिली तर २४ तासांचं ‘श्रवण’ फुकट जमा होतं. मोठ्या स्टेशनला हे जाणवणारही नाही. छोट्या स्टेशनचा महिन्याचा निम्मा आकडा यातूनच आलेला असू शकतो.

म्हणून चाळणी या क्रमाने लावा. फक्त ‘गेट’च्या ओळी ठेवा. त्यातल्या फक्त माउंटपॉइंटच्या (स्ट्रीमचा सर्व्हरवरचा पत्ता, थोडक्यात माउंट) ठेवा, म्हणजे स्टेटस, ॲडमिन, फॅव्हआयकॉन सगळं गळेल. आपल्या ऑफिसचा, स्टुडिओचा आणि मॉनिटरिंग सेवेचा आयपी वगळा. युजर एजंट म्हणजे मागणारा प्रोग्राम स्वतःचं नाव सांगतो ते; तिथे आइसकास्ट किंवा लिक्विडसोप अशी ओळख सांगणाऱ्या ओळी वगळा; तो रिले (हीच स्ट्रीम पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर) असतो, माणूस नव्हे. शेवटी ६० सेकंदांपेक्षा कमी कालावधीच्या ओळी बाजूला ठेवा. किमान एक मिनिट ही अट स्ट्रीमिंगच्या मोजमापात रुळलेली आहे, आपण मनाने ठरवलेली नाही.

‘लॅव्हएफ’ किंवा ‘कर्ल’ दिसलं की सरसकट बॉट समजून कापू नका. लॅव्हएफ म्हणजे एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या सॉफ्टवेअरची कोड-लायब्ररी. रेडिओच्या याद्या ठेवणाऱ्या साइटचे तपासनीस ते वापरतात हे खरं, पण त्यावर बेतलेले प्लेअरही तीच ओळख सांगतात. नावापेक्षा वागणूक पाहा. दर तासाला त्याच मिनिटाला येऊन ८ सेकंदांत जातो तो तपासनीस. ४० मिनिटं थांबतो तो ऐकतोय, किंवा रेकॉर्ड करतोय. रेकॉर्ड करणारा दिवसच्या दिवस जागचा हलत नाही.

आपल्या उदाहरणात एका मिनिटाची चाळणी लागल्यावर समजा १३२ जोडण्या उरल्या आणि प्रत्येकी सरासरी ३८ मिनिटं आली. १३२ गुणिले ३८, म्हणजे ५,०१६ मिनिटं, म्हणजे ८३.६ तास. हे दिवसाचे एकूण श्रवणतास. त्याला २४ ने भागा: ३.४८. डॅशबोर्डवर दिसणारे ‘तीन-चार’ ते हेच. ४ आणि ९०० मध्ये भांडण नव्हतंच.

खरी मेख: ओळ लिहिली जाते श्रोता गेल्यावर

सगळ्यांत जास्त चुकीचे निष्कर्ष इथून निघतात. आइसकास्ट श्रोत्याची ओळ जोडणी सुरू होताना लिहीत नाही, तुटल्यावर लिहितो. ओळीतली तारीख-वेळ ही निघून जाण्याची वेळ असते. ओळीच्या अगदी शेवटचा आकडा म्हणजे जोडणी किती सेकंद टिकली ते. सुरुवात हवी असेल तर वेळेतून सेकंद वजा करावे लागतात.

एक ओळ जवळून पाहू. वेळ ०७:३०:००, पुढे अधिक ००००, आणि शेवटचा आकडा २१६००. वरवर पाहणारा म्हणेल, साडेसातला एक श्रोता होता. अधिक ०००० म्हणजे सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितोय. भारतीय वेळ झाली दुपारी १:००. २१,६०० सेकंद म्हणजे ६ तास. म्हणजे हा श्रोता सकाळी ७ ला आला, दुपारी १ ला गेला. सकाळचे सगळे कार्यक्रम त्याने ऐकले आणि लॉगवाल्या एक्सेलमध्ये तो मोजला गेला दुपारच्या बातम्यांच्या खात्यात. ‘आमचं दुपारचं बुलेटिन जोरात चालतं’ हा शोध पुष्कळदा असाच लागलेला असतो. लोक बुलेटिन सुरू झालं की उठून जात होते.

यूटीसीचा दुसरा फटका खास आपल्याला बसतो. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. त्या अर्ध्या तासामुळे सकाळी ७ ते ८ चा कार्यक्रम यूटीसीमध्ये ०१:३० ते ०२:३० असा येतो आणि तासावारी तक्त्यात दोन खणांत फाटतो. अर्धा एका खणात आधीच्या कार्यक्रमाबरोबर, अर्धा दुसऱ्या खणात पुढच्याबरोबर. सर्व्हरचा किंवा डॉकर कंटेनरचा टाइमझोन एशिया/कोलकाता करा. जुने लॉग असतील तर आधी साडेपाच तास मिळवा आणि मगच तासांचे गट पाडा. उलट क्रमाने केलं तर उपयोग नाही.

कार्यक्रमाचे श्रोते काढायची रीत अशी. प्रत्येक जोडणीची सुरुवात आणि शेवट घ्या. जोडणीचा शेवट आणि कार्यक्रमाचा शेवट यांतला जो आधी येतो, त्यातून दोन सुरुवातींपैकी जी नंतर येते ती वजा करा. उत्तर ऋण आलं तर शून्य धरा. समजा ७ ते ८ या वेळेत तीन जण होते: पहिला ६:४० ते ७:२५, दुसरा ७:५० ते १:००, तिसरा ५:०० ते ९:००. पहिल्याची २५ मिनिटं, दुसऱ्याची १०, तिसऱ्याची ६०. एकूण ९५ मिनिटं, भागिले ६०: सरासरी १.५८ श्रोते. ‘तीन जणांनी ऐकलं’ हेही खरं आणि ‘सरासरी दीड’ हेही खरं. कार्यक्रमांची तुलना करायची तर सरासरी घ्या.

मध्यरात्रही याच रीतीने कापा. एखाद्या मेडिकलवाल्याने दुकानात रेडिओ लावून तीन दिवस बंदच केला नाही, तर चौथ्या दिवशी ७२ तासांची एक ओळ पडते आणि आलेख त्या दिवशी आकाशाला भिडतो. सरासरी श्रवणवेळही अशा दोन-चार ओळींनी फुगते. त्यामुळे सरासरीसोबत मध्यकही काढावा. दोन्हींत चौपट-पाचपट फरक दिसला तर काही दुकानं आणि बाकी सगळे डोकावून जाणारे, असा अर्थ.

एकदा प्ले दाबलं, तीन ओळी कशा?

आयफोनवरचा सफारी ब्राउझर आधी फक्त पहिले दोन बाइट मागून पाहतो, समोर काय आहे ते चाचपतो आणि मग खरी जोडणी करतो. लॉगमध्ये ब्राउझरच्या नावाने शून्य सेकंदाची एक ओळ आणि ॲपलकोअरमीडिया या नावाची दुसरी, लांबलचक ओळ असा जोड दिसतो. एक मिनिटाच्या चाळणीत यातली पहिली आपोआप गळते. हा दोष नाही, दुरुस्त करायला जाऊ नका.

दुरुस्त करायची गोष्ट आपल्याच वेबपानावर असते. ऑडिओ टॅगचं (पानावर प्लेअर बसवणाऱ्या कोडचं) प्रीलोड ‘ऑटो’ किंवा ‘मेटाडेटा’वर असेल, तर नुसतं पान उघडलं तरी ब्राउझर स्ट्रीमला जाऊन भिडतो. वाचकाने प्लेला हातही लावला नाही आणि लॉगमध्ये श्रोता. प्रीलोड ‘नन’ करा.

पॉझचंही तसंच. ब्राउझरमध्ये पॉझ दाबलं की आवाज थांबतो, जोडणी थांबत नाही. ब्राउझर वाचायचं थांबवतो, आणि सर्व्हरवर त्या श्रोत्याचा माल साचत जातो. आइसकास्टची मूळ क्यू-साइझ, म्हणजे या साचणाऱ्या रांगेची मर्यादा, ५,२४,२८८ बाइट आहे. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) स्ट्रीमला सेकंदाला १६,००० बाइट लागतात, म्हणजे ही रांग साधारण ३३ सेकंदांत भरते. ६४ केबीपीएसला ६५ सेकंद. वाटेतल्या बफरांचा वेळ त्यात आणखी मिळवा. रांग भरली की सर्व्हर त्याला काढून टाकतो, आणि ‘फार मागे पडला, काढतोय’ अशा अर्थाची ओळ एरर लॉगमध्ये येते. श्रोत्याने परत प्ले दाबलं की नवी जोडणी, नवी ओळ. उपाय: पॉझवर ऑडिओचा पत्ता काढून लोड पुन्हा चालवा आणि प्लेवर पत्ता परत द्या. त्यामुळे जोडणी लगेच तुटते. शिवाय थेट प्रक्षेपण शिळं न होता ‘आत्ता’पासून सुरू होतं, आणि श्रोत्यालाही तेच हवं असतं.

क्यू-साइझ वाढवून ‘श्रोते तुटणं’ कमी करण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. मोबाइल नेटवर्कसाठी थोडी वाढ ठीक. पण जितकी रांग लांब, तितकी मेलेली जोडणी जास्त वेळ जिवंत दिसते. कसाऱ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की फोनचं नेटवर्क जातं आणि सर्व्हरला ते कळतच नाही. बाहेर येऊन प्लेअर नव्याने जोडला गेला की एकच माणूस थोडा वेळ दोनदा मोजला जातो. म्हणून जोडण्या मोजताना त्याच आयपीवरून त्याच युजर एजंटने दोन मिनिटांच्या आत पुन्हा जोडलं असेल, तर ती एकच बैठक धरा. नाहीतर सगळ्यांत खराब नेटवर्कवाला गाव ‘सर्वाधिक श्रोते’ म्हणून मिरवायचा.

‘वेगवेगळे श्रोते’ या आकड्यावर किती विसंबायचं

फार नाही. आयपी म्हणजे माणूस नव्हे, आणि चूक दोन्ही बाजूंनी होते. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ वर पुष्कळ ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. तुमचा सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर असेल तर दहा जण एक दिसू शकतात. वसतिगृहाच्या वायफायचंही तेच. आयपीव्ही६ सुरू केलं तर उलट अडचण: फोन आणि लॅपटॉप खाजगीपणासाठी पत्त्याचा उत्तरार्ध बदलत राहतात, आणि एकच माणूस आठवडाभरात सात श्रोते होतो. आयपीव्ही६ चे पहिले ६४ बिट तेवढे धरून गट करा. आयपीच्या जोडीला युजर एजंट घ्या, आणि हा आकडा एका दिवसापुरताच वापरा. रोजचे आकडे बेरजून महिन्याचे ‘वेगवेगळे श्रोते’ काढणं तर सरळ चूक. रोज ऐकणारा एक माणूस त्यात तीस वेळा येतो.

सगळ्याच ओळींत आयपी १२७.०.०.१ दिसत असेल, तर सर्व्हरच्या पुढे एनजिनेक्ससारखा प्रॉक्सी (विनंत्या आधी स्वतः घेऊन पुढे पाठवणारा सर्व्हर) आहे. मग आइसकास्टच्या लॉगशी झुंजत बसू नका. एनजिनेक्सच्याच लॉगमध्ये विनंतीचा एकूण वेळ आणि पाठवलेले बाइट हे दोन रकाने जोडा. तिथे खरा आयपी असतो, आणि तीही ओळ शेवटीच पडते, त्यामुळे वरची सगळी रीत तशीच लागू होते.

जिल्हावार नकाशा दिसायला देखणा असतो, पण मोबाइलच्या पत्त्यावरून ठिकाण काढलं की बहुतेक वेळा कंपनीचं मोठं केंद्र हाती लागतं. श्रोता औंढा नागनाथला आणि नकाशावर ठिपका मुंबईला. देश पातळीवरचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, शहराचा नाही. स्थानिक जाहिरातदाराला शहरवार आकडे देऊ नका.

देश कळतो म्हणून एक कोडं मात्र सुटतं. दरवर्षी मार्चमध्ये सकाळी ७ चा फुगवटा ६ कडे सरकतो आणि नोव्हेंबरमध्ये परत येतो, असं दिसलं तर निवेदकाला दोष देऊ नका. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यू जर्सीतला माणूस रात्री साडेआठला, जेवणं आटोपल्यावर, रेडिओ लावत असेल तर हिवाळ्यात ते आपले सकाळचे ७, उन्हाळ्यात ६. पहाटेचे अभंग तिकडे रात्री ऐकले जातात.

आलेख सपाट झाला किंवा शून्यावर पडला

वरचा भाग कात्रीने कापल्यासारखा सपाट दिसला तर ती लोकप्रियतेची मर्यादा नसते, सेटिंगची असते. आइसकास्टच्या मूळ संरचनेत एकूण क्लाएंट १०० असतात. या शंभरात स्टेटसचं पान मागणारेही धरले जातात आणि सगळ्या माउंटचे मिळून मोजले जातात, म्हणून श्रोते ९६-९७ वर अडकलेले दिसतात. हजाराच्या आसपास सपाट झाला तर लिनक्सची उघड्या फायलींची १०२४ ही मर्यादा तपासा. सातशेच्या आसपास अडला आणि लोक आवाज तुटल्याची तक्रार करत असतील, तर १०० एमबीपीएसची लाइन भरली: १२८ केबीपीएसने भागलं तर कागदावर ७८० बसतात, प्रत्यक्षात कमी.

शून्यावर पडण्याचे प्रकार दोन. पहिला खोटा. स्टेटसच्या जेसनमध्ये (स्क्रिप्टला वाचण्यासाठीची स्टेटसची माहिती) एकच माउंट चालू असेल तर ‘सोर्स’खाली एक ऑब्जेक्ट (एकच नोंद) येतो, दोन असतील तर ॲरे (नोंदींची यादी), आणि एकही नसेल तर ती नोंदच नसते. तुम्ही ६४ केबीपीएसचा दुसरा माउंट सुरू केलात त्याच दिवशी डॅशबोर्ड शून्य दाखवू लागला असेल, तर स्क्रिप्टला ॲरे वाचता येत नाही एवढंच. तिन्ही शक्यता हाताळा आणि सगळ्या माउंटची बेरीज घ्या. शाउटकास्ट या आइसकास्टसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या ‘सेव्हन’ पानावर स्वल्पविरामांनी तोडलेल्या सात गोष्टी येतात: चालू श्रोते, स्ट्रीमची स्थिती, उच्चांक, कमाल मर्यादा, वेगवेगळे श्रोते, बिटरेट, गाणं. श्रोते कायम अगदी गोल आकड्यावर, म्हणजे ५० किंवा १०० वर गोठलेले दिसले तर स्क्रिप्ट चौथा आकडा वाचतेय.

दुसरा प्रकार खरा. स्टुडिओचं इंटरनेट गेलं, सोर्स तुटला, आणि फॉलबॅक माउंट (सोर्स तुटल्यावर श्रोत्यांना वळवायचा पर्यायी माउंट) दिलेला नसल्यामुळे सगळे श्रोते एकदम बाहेर फेकले गेले. खूण पक्की आहे: लॉगमध्ये एकाच सेकंदाला संपलेल्या ढीगभर ओळी. माणसं कंटाळून जातात तेव्हा एकेक जातात. मग सगळे परत जोडतात, जोडण्यांची संख्या दुप्पट होते आणि सरासरी वेळ निम्मी. ‘श्रोते वाढले पण टिकत नाहीत’ असा अहवाल आला की आधी ही खूण शोधा. फॉलबॅक माउंट द्या, फॉलबॅक ओव्हरराइड १ करा म्हणजे स्टुडिओ परत आल्यावर श्रोतेही परत येतील, आणि मोजताना फॉलबॅकचे श्रोतेही धरा. सोर्स नव्याने जोडला गेला की ‘लिसनर पीक’ (सर्व्हर स्वतः दाखवतो तो उच्चांक) पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून महिन्याचा उच्चांक त्यावरून कधीच सांगू नये. तो लॉगवरून काढा: प्रत्येक सुरुवातीला अधिक एक, प्रत्येक शेवटाला उणे एक, वेळेनुसार लावून बेरीज करत जा; सर्वांत मोठी बेरीज म्हणजे उच्चांक.

एचएलएसने (आवाज छोट्या छोट्या फायलींत तोडून पाठवायची पद्धत) प्रक्षेपण करत असाल तर यातलं बरंच लागू पडत नाही. तिथे अखंड जोडणी नसतेच. सहा सेकंदांचे तुकडे असतील तर एकच श्रोता मिनिटाला दहा तुकडे मागतो, शिवाय प्लेलिस्ट वेगळी. प्लेलिस्टच्या पत्त्यात प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी खूण घालून त्यावरूनच बैठक जुळवावी लागते.

बाइटने पडताळा

आकडा बाहेर सांगण्याआधी एवढं करा. १२८ केबीपीएसला तासाला ५७.६ एमबी लागतात. वरच्या ८३.६ तासांचे होतात ४.८ जीबी. लॉगमधल्या त्याच १३२ ओळींच्या बाइटची बेरीज याच्या आसपास यायला हवी. सुरुवातीला प्रत्येकाला ६५,५३५ बाइटचा बर्स्ट (एकदम दिलेला साठा) मिळतो, म्हणजे सुमारे ४ सेकंदांचा आवाज, त्यामुळे बेरीज किंचित जास्त येईल. बेरीज फारच कमी आली तर वेळ मोजला गेला पण आवाज पोचला नाही: अडकलेल्या, मेलेल्या जोडण्या. महिन्याचे १०,००० तास असतील तर ५७६ जीबी. होस्टिंगचं पॅनल तेच ५३६ दाखवत असेल तर बिघाड नाही, ते १०२४ च्या हिशेबाने मोजतंय. पॅनलचा आकडा नेटवर्कच्या वरखर्चामुळे तीन-पाच टक्के जास्त येतो, तेवढं सोडून द्या. दीडपट आला तर गाळलेल्या ओळी परत तपासा, बहुधा एखादा रिले त्यात सापडतो. रिले मुख्य सर्व्हरवर एकच श्रोता दिसतो आणि त्याच्यामागचे शंभर त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये असतात. तो लॉग मागवून घ्यावा लागतो.

आणि हे सगळं करायला लॉग जागेवर असायला हवा. आइसकास्टमध्ये लॉगसाइझ मुळात १०,००० केबी असते. फाइल भरली की तिला ‘ओल्ड’ असं नाव मिळतं, आणि पुढची भरली की आधीची ‘ओल्ड’ पुसली जाते. एका ओळीला २००-२५० बाइट धरले तर दिवसाला ९०० ओळींनी फाइल सुमारे ५० दिवसांत भरते, म्हणजे शंभराव्या दिवशी पहिल्या पन्नास दिवसांचं काही उरत नाही. स्टेटस दर दहा सेकंदांनी मागणारी स्क्रिप्ट असेल तर पाचेक दिवसांतच फाइल भरेल. लॉगआर्काइव्ह १ करा म्हणजे प्रत्येक जुन्या फाइलला तारीख लागून ती राहील. महिना संपला की सुरुवात, कालावधी, बाइट, माउंट, देश आणि युजर एजंट एवढं वेगळं साठवा आणि मूळ आयपी काढून टाका. श्रोत्यांचे पत्ते वर्षानुवर्षं सर्व्हरवर पडू देण्याचं काही कारण नाही.